तिसऱ्या हाकेचा धडा

सन पंचावन्नच्या सुमारास भिवाजी गुरुजींची बदली मुळशीच्या पाण्याकाठच्या एका धनगरवाडीवर झाली, तेव्हा नेऱ्यातल्या त्यांच्या भावकीनं ओळखलं की ह्यांनी कुणाच्या तरी शेपटीवर पाय दिलाय. नाहीतर पंचेचाळिशी ओलांडलेल्या, केस पिकलेल्या माणसाला असल्या कोपऱ्यात कोण धाडतं? एसटी खालच्या फाट्यावर थांबायची, आणि तिथून वर वाडीपर्यंत नुसती छाती फोडणारी चढण. भावकीचा अंदाज खरा होता. आधीच्या शाळेत तपासणीच्या दिवशी गुरुजी साहेबांना तोंडावर बोलून गेले होते, "सगळी पोरं पास झाली साहेब, पण येत कुणालाच काही नाही." असं खरं बोलणाऱ्याला चांगली हवा लागावी म्हणून सरकार डोंगरात पाठवतं.

गुरुजी एकटेच आले. बायको मागंच वारली होती, मुलगा नेऱ्यात शेती बघायचा. एक पत्र्याची ट्रंक, एक घोंगडी आणि एक वाईट खोड एवढा त्यांचा संसार. खोड अशी की, पोरगं धडाधडा उत्तर देऊ लागलं की ह्यांना आनंद व्हायच्या ऐवजी संशय यायचा.

वाडी माळावर होती. माळाच्या एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला वाघजाईची शेंदूर लावलेली शिळा, मध्यावर एक जुना हिरडा. शाळेकडून शिळेकडं जाताना उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला उतार, आणि उताराच्या तळाशी धरणाचं पाणी. त्या पाण्याखाली एक गाव होतं. वाडीतली काही घरं तिथूनच वर आलेली. वैशाखात पाणी हटलं की खाली घरांची जोती उघडी पडायची, देवळाची एक कातीव पायरी दिसायची, आणि तिच्याभोवती कोवळं लुसलुशीत गवत उगवायचं. आख्ख्या माळावर काडी उरलेली नसताना शेळ्या त्या गवताला तोंड लावत नसत. शेळीसारखा जिन्नस, जी रुईचा पालासुद्धा सोडत नाही! गुरुजींनी पहिल्या उन्हाळ्यात हे पाहिलं आणि विसरून गेले.

त्यांचं लक्ष होतं पोरांवर. पहिल्या वर्षी शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. नाथा नावाचं चुणचुणीत पोरगं उभं राहिलं आणि पुणे जिल्ह्याच्या चारी सीमा त्यानं न अडखळता म्हणून दाखवल्या. साहेब खूश झाले. म्हणाले, "सूर्य कुठं मावळतो?"

"पश्चिमेस!"

"दाखव बरं पश्चिम."

नाथा ऐटीत भिंतीकडं गेला आणि टांगलेल्या नकाशाच्या डाव्या कडेवर त्यानं बोट ठेवलं. नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर होता, त्यामुळं त्याचं बोट बरोब्बर उगवतीकडं गेलं. दाराबाहेर सूर्य दुसऱ्याच बाजूला कलत होता, पण साहेबही नकाशाच बघत होते. ते "शाब्बास" म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत. हेच पोरगं उद्या धुक्यात शेरडं घेऊन जाईल, आणि नकाशाची डावी कड शोधत पाण्यात पाय घालील, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. पोरं जे विचारलं जातं तेच शिकतात. आपण जर नकाशावरचं विचारलं, तर ती नकाशावरचंच शिकणार. मग चूक कुणाची? त्यांनी ठरवलं, आधी परीक्षा कशाची ते बघायचं, आणि तिथून मागं येत येत धडे लावायचे. बाजाराला निघणारा माणूस आधी काय आणायचं ते ठरवतो, मग पिशवी घेतो. शिक्षण खात्यात मात्र आधी पिशवी शिवायची पद्धत होती.

त्यांनी वाडी गोळा केली आणि विचारलं, "पोरगं चौथी होऊन बाहेर पडलं, की त्याला काय आलं पाहिजे? तुम्ही सांगा."

मंडळी हसू लागली. असलं काही त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. शेवटी कोंडिबा म्हणाला, "एसटीची पाटी वाचाया आली पायजे. मागल्या साली मी पौडला जायचा, तो भलतीकडंच गेलो." कुणी म्हणालं, माहेरी चार ओळी लिहायला यावं. कुणी म्हणालं, दुकानदार मापात मारतो ते कळावं. सगळ्यांत शेवटी धुळाजी बोलला. हा अबोल माणूस, पोरगी तुळजा तिसरीत होती.

"आमाला येकच कळतंय, गुर्जी. धुकं उतारलं, की पोरगं घरी आलं पायजे."

धुळाजीचा थोरला मुलगा भादव्यातल्या धुक्यात गेला तो परत आला नव्हता. हे गुरुजींना मागून कळलं.

आणि मग त्या शाळेत जे सुरू झालं ते सबंध तालुक्यात कुठं नव्हतं. वाचनाची परीक्षा फाट्यावर, खरीखुरी एसटी समोर उभी असताना. लेखनाची परीक्षा म्हणजे आईनं सांगितलेलं कार्ड मावशीला टाकायचं, आणि मावशीकडून उलट टपाली उत्तर आलं तरच पास. मापाची परीक्षा पौडच्या दुकानात, दुकानदाराच्या कपाळावरच्या आठ्यांसमोर. नाथा पहिल्या खेपेला सगळ्यांत नापास झाला आणि दुसऱ्या खेपेला सगळ्यांत पास झाला. गुरुजी तेव्हा पोरासारखे हसले. माणूस खरा सुखात होता, हे सांगायलाच हवं.

सगळ्यांत मोठी परीक्षा धुक्याची. भादव्यात ज्या दिवशी दाट धुकं उतरेल, त्या दिवशी चौथीतल्या एकेकानं शाळेतून निघायचं, वाघजाईच्या शिळेजवळ ठेवलेला खडा उचलायचा आणि परत यायचं. गुरुजी मध्यावर हिरड्याखाली उभे राहणार. ते नाव घेऊन हाक मारणार, पोरानं ओ द्यायची. ओ कुठून आली त्यावरून पोर वाटेवर आहे की भरकटलंय ते कळणार. ह्यासाठी त्यांनी धडे लावले: वारं कुठल्या गालाला लागतं, पायाखाली वाट आहे की गवत, उतार कुठं झुकतो. आणि सगळ्यांत पहिला धडा हा, की हाक आली, की लगेच ओ.

इथंच घोडं अडलं. पोरं ओ देईनात. वर्गात हाक मारली तर लगेच "ओ गुर्जी", पण माळावर नेऊन हाक मारली की गप्प. दुसऱ्या हाकेलाही गप्प. तिसरी मारली की सगळीकडून ओ. तुळजा तर डोळ्यांसमोर उभी राहून दोन हाका नुसती बघत राहायची. गुरुजी वैतागले. तुळजाची आई अंबाबाई लाकडं घेऊन चालली होती, तिला त्यांनी थांबवलं.

"अंबाबाई, पोरगी बहिरी नाही ना?"

"न्हाई वो. माळावं पयल्या हाकंला ओ द्यायची नस्ती. दुसरीलाबी न्हाई. तिसरीला द्यायची."

"का बरं?"

"मानूस तिसऱ्यांदा हाक मारतो. ते न्हाई मारत."

"ते म्हणजे कोण?"

अंबाबाईनं डोक्यावरची मोळी सावरली, पाण्याकडं एकदा पाहिलं आणि चालू लागली. तिचा जन्म खालच्या गावातला होता.

गुरुजींच्या स्वतःच्या आईनंही त्यांना लहानपणी हेच सांगितलं होतं. नेऱ्यात ओढ्याच्या कडेला खेळताना तीही म्हणायची, तिसऱ्या हाकेशिवाय हलू नको. पण ट्रेनिंगच्या कॉलेजात जाऊन आलेल्या माणसाला आईचं सगळंच जुनं वाटतं. त्यांनी पोरांना जवळ बसवून समजावलं, की हे सगळं खुळ आहे. धुक्यात दोन हाका वाया घालवल्या तर तेवढ्यात पोर कड्यावरून जाईल. बोलणं तसं बिनतोड होतं. मग सगळा श्रावण त्यांनी सराव घेतला. रोज तिसऱ्या प्रहरी माळावर पोरं पांगवायची, एकेकाचं नाव घ्यायचं. लगेच ओ आली, की मोठ्यानं म्हणायचं, "शाब्बास!" नाही आली तर पुन्हा. गुरुजींचा आवाज खणखणीत. ती शाब्बास खाली पाण्यापर्यंत जायची.

हळूहळू सगळी पोरं शिकली. तुळजा सोडून. ती कधी पहिल्या हाकेला ओ द्यायची, कधी नाही. विचारलं तर म्हणायची, "आई वराडती." गुरुजींनी तिला बजावलं, "परीक्षेत पहिल्या हाकेला ओ नाही आली, तर नापास. मग कितीही खडे आण."

भादव्यात एक दिवस सकाळी धुकं उतरलं ते दुपार झाली तरी हटेना. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. गुरुजींनी परीक्षा लावली. पोरांचे आईबाप शाळेच्या पडवीत इरली, घोंगड्या पांघरून बसले. अंबाबाई त्यांत होती. थोरला लेक घालवून बसलेली बाई, तिला त्या दिवशी काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको. गुरुजी निघाले तेव्हा तिनं त्यांना एवढंच म्हटलं, "माझी येकच ऱ्हायलीया, गुर्जी." गुरुजी म्हणाले, "मी आहे ना." ते हिरड्याखाली जाऊन उभे राहिले.

पहिला नाथा निघाला. थोड्या वेळानं गुरुजींनी हाक घातली, "नाथाऽ!"

"ओऽ!" अगदी वाटेवरून, लगेच.

"शाब्बास!"

आणि मग, जरा वेळानं, पुन्हा एक ओ आली. डावीकडून, खालून. बारीक, पण नाथाचाच आवाज. प्रतिध्वनी, गुरुजी मनाशी म्हणाले. नुकताच तर त्यांनी तो धडा शिकवला होता. नाथा शिळेला हात लावून खडा घेऊन हसत परत आला आणि त्यांच्या अंगावरून शाळेकडं गेला. गुरुजी मात्र त्या ओ पाशीच अडकले. धुकं आवाज गिळतं, परत करत नाही. आणि खरोखर प्रतिध्वनी असता, तर आपली हाक आधी परत यायला हवी होती. हाक नाही आली, नुसती ओ आली. त्यांना घोंगडीच्या आत थंडी वाजली. पण परीक्षा म्हणजे परीक्षा. त्यांनी पुढच्या पोराला पाठवा म्हणून शिट्टी दिली.

तुळजा निघाली. हिरड्याजवळून जाताना तिच्या पावलांचा ओला आवाज त्यांनी ऐकला, मग तोही विरला. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि हाक मारली.

"तुळजाऽ!"

"ओऽ!"

हाक पुरती संपायच्या आत ओ आली. स्पष्ट, खेळकर, तुळजाचीच. गुरुजींना एवढं बरं वाटलं! अखेर शिकली म्हणायची पोर. "शाब्बास!" ते ओरडले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ओ डावीकडून आली होती. खालून. पोरगी वाट चुकून उताराला लागली होती.

ते उतरू लागले. धोतराचा सोगा धरून, गवतावरून घसरत. "थांब तिथंच!" असं ते ओरडत होते, पण खालून काही येईना. मग त्यांनी पुन्हा नाव घेतलं, "तुळजाऽ!"

"ओऽ!" पुन्हा लगेच. आणखी खालून. कौतुकाची वाट बघणाऱ्या पोरासारखी.

गवत संपलं, चिखल लागला, चिखल संपला आणि पायाला गार पाणी लागलं. गुरुजी तसेच पुढं झाले, पोर बुडत असेल ह्या एकाच भीतीनं. पाणी घोट्याला आलं, पोटरीला आलं. मग पायाखाली दगड लागला. सपाट, घडीव, कडेला झिजलेला. ती पायरी होती. वैशाखात त्यांनी ती पाहिली होती, पार खाली, शेळ्या जिथं चरत नसत तिथं. आता धरण काठोकाठ भरलेलं होतं. ती पायरी वर इथं असायचं काही कारणच नव्हतं. आणि तिच्यापुढं त्यांचा अंगठा चाचपत होता तिथं दुसरी पायरी होती, खाली जाणारी.

मागं फिरावं तर पोरगी पुढं आहे. पुढं जावं तर पाय उचलत नाही. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, धीराचं, शहाणपणाचं. तोंडातून निघालं ते पुन्हा नावच.

"तुळजा!"

पुढून काहीच आलं नाही. पाणीसुद्धा हललं नाही. इतक्या जवळ कुणीतरी उभं राहून पुढं काय म्हणायचं ते आठवत असावं, अशी ती शांतता होती.

आणि मागून, पार वरून, माळाच्या वाटेवरून घोगरा, रानवट, जिवंत आवाज आला. "ओऽऽ! गुर्जी, मी हितं हाय! वाटंवं!"

गुरुजी वळले आणि हातापायांनी वर चढले. कसे चढले ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. वर हिरड्याखाली तुळजा उभी होती. मुठीत शिळेजवळचा खडा होता, परकर खोचलेला होता, आणि ती त्यांच्या भिजलेल्या धोतराकडं बघत होती.

"तू कुठं होतीस?"

"वाटंवंच की. शिळेपातूर गेले, माघारी आले."

"मग ओ का नाही दिलीस? पहिल्या हाकेला?"

तुळजानं मान खाली घातली. आता नापास होणार हे तिला ठाऊक होतं. "मी द्याया लागले व्हते, गुर्जी. पर माझ्या आदी खालनं कुनीतरी दिली. माझ्याच आवाजात. मंग मी गप ऱ्हायले. म्हनलं, तुमी मानूस आसाल, तर तिसरी माराल."

गुरुजींनी तिचा हात धरला. तो हात शाळेच्या पडवीत अंबाबाईच्या हाती देईपर्यंत त्यांनी सोडला नाही. वाटेत तुळजानं बराच विचार करून विचारलं, "गुर्जी, पयल्या हाकंला ओ दिली, तर पास ना?"

"हो."

"मंग ती पास झाली का?"

त्या वर्षी त्यांनी तुळजाला सगळ्यांत जास्त गुण दिले आणि उरलेल्या पोरांची धुक्याची परीक्षा घेतलीच नाही. चार दिवस ते तापानं फणफणले होते. पडल्या पडल्या एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात फिरायची. वाडीतली माणसं पिढ्यान् पिढ्या माळावर हाका मारत आली, आणि खालचं जे काही आहे ते नुसतं ऐकत आलं, आपल्याही दोन हाका मारत आलं. नुसत्या ऐकण्यानं कुणी शिकत नाही. शिकायला सराव लागतो, चुकलं-बरोबर सांगणारं कुणी लागतं, शाब्बास लागते. ते सगळं सबंध श्रावणभर, रोज, खणखणीत आवाजात, त्यांनी स्वतः पुरवलं होतं. शाळेच्या पटावर नसलेल्या एकीनं त्यांचा धडा उत्तम पाठ केला होता.

दुसरा कुणी असता तर बदली मागून मोकळा झाला असता. गुरुजी राहिले. भीती वाटत नव्हती असं नाही. माळ ओलांडताना ते कायम डोंगराच्या बाजूनं चालत. पण आपण शिकवलेलं अर्धवट सोडून जाणारा मास्तर त्यांना आवडत नसे, आणि धुकं तर दर साली उतरणारच होतं.

त्यांनी धडे पुन्हा लावले. धुक्याची परीक्षा राहिली, पण हाकेचा धडा बदलला. तिसऱ्या हाकेलाच ओ. आणि हा धडा शिकवायचा तो शाळेत, दार लावून, खिडकीला गोणपाट बांधून, कुजबुजत. माळावर सराव नाही. माळावर कुणाला शाब्बास म्हणायचं नाही, हा तर त्या शाळेचा कायदाच झाला. चैत्रातल्या उकाड्यात बंद दाराआड पोरं घामाघूम होऊन एकमेकांच्या कानात हाका मारत, आणि गुरुजी नुसती मान हलवून पसंती देत. नवे दिपोटीसाहेब आले, तर म्हणाले, "गुरुजी, तुम्ही वर्ग चालवता की चोरांचं खलबत?" गुरुजी म्हणाले, "साहेब, भिंतीला कान असतात." साहेब हसले. गुरुजी हसले नाहीत.

पण वाडीतलं एकही पोर त्यानंतर धुक्यात हरवलं नाही. वर्षं अशी सरली. नाथा एसटीत कंडक्टर झाला. तुळजा पलीकडच्याच वाडीत नांदायला गेली. अंबाबाई थकली. दर भादव्यात माळावर खालून कधीतरी दोन हाका यायच्या, कधी ह्याच्या नावानं, कधी त्याच्या, आणि पोरं कानाला वारं लागल्यासारखी तशीच पुढं चालत राहायची. तिसरी कधी आली नाही.

सहासष्ट साली गुरुजी निवृत्त झाले. निरोपाचा दिवस नेमका पावसाळी होता, तरी सकाळपासून उघाड होती. जागेवर आलेला नवा तरुण मास्तर, वाल्मीक त्याचं नाव, हुशार होता. गुरुजींनी त्याला सगळं समजावलं होतं, आणि त्यानं सगळं मोठ्यांचा मान म्हणून ऐकून घेतलं होतं. तुळजा मुद्दाम सासरहून आली होती. तिनं गुरुजींची ट्रंक उचलून डोक्यावर घेतली. मुलगा नेऱ्यात वाट बघत होता, नातवाला अजून त्यांनी पाहिलंही नव्हतं.

उताराला लागेपर्यंत पोरं मागं आली नाहीत. वर्ग चालू होता. पण गुरुजी हिरडा मागं टाकून उतारावर पोचले आणि वाल्मीकनं कौतुकानं पोरांना बाहेर सोडलं असावं. सगळी शाळा माळाच्या कडेला ओळीनं उभी राहिली आणि एका सुरात ओरडली, "गुर्जीऽ!"

गुरुजींचे डोळे भरून आले.

"गुर्जीऽ!"

ते थांबले. तुळजा हलक्या आवाजात म्हणाली, "चला."

"गुर्जीऽऽ!"

तिसरी हाक. शिकवल्याप्रमाणं, बिनचूक. आता ह्या लेकरांना ओ न देता जायचं कसं? गुरुजी वळले, दोन्ही हात वर केले आणि आपल्या जुन्या खणखणीत आवाजात ओरडले, "ओऽ! शाब्बास! शाब्बास रे पोरांनो!"

पोरं उड्या मारत वर्गात परत गेली. ती दोघं उतरू लागली. डोळे पुसता पुसता गुरुजींनी पाहिलं, तर पाण्यावरून धुकं उठत होतं. पांढरं, दाट, उताराला बिलगत वर येणारं. बघता बघता त्यानं वाट गिळली. तुळजानं एका हातानं ट्रंक सांभाळली आणि दुसऱ्या हातानं गुरुजींचा दंड धरला.

"गुर्जीऽ!"

आवाज डावीकडून, खालून आला. लहान मुलीचा. तुळजाचा, ती चौथीत असतानाचा. आणि तुळजा तर त्यांच्याशेजारी उभी होती, दोन लेकरांची आई, ओठ घट्ट मिटून.

ती दोघं जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांची सवय होती, थांबायचं आणि संपू द्यायचं.

"गुर्जीऽ!"

झालं. संपलं. गुरुजींनी श्वास सोडला आणि पाऊल पुढं टाकलं.

"गुर्जीऽऽ!"

तिसरी. खेळकर, स्पष्ट, बिनचूक. आणि मग खाली सगळं चिडीचूप झालं. आता फक्त शाब्बासची वाट होती.

तुळजा कुजबुजली, "गुर्जी, ह्ये तिला कुनी शिकिवलं?"

गुरुजी वर, शाळेच्या दिशेनं बघत होते. धुकं माळावर चढलं होतं, आणि शाळा सुटायची वेळ झाली होती. थोड्या वेळात त्यांची सगळी पोरं एकेकटी घराकडं निघणार होती, तिसऱ्या हाकेला ओ द्यायची हे मनात पक्कं करून.

"ट्रंक टाक," ते म्हणाले, आणि त्या वयात, त्या चढणीला, ते पळत सुटले.

दार त्यांनी गाठलं तेव्हा पोरं दप्तरं खांद्याला लावून उभी होती. गुरुजींना बोलायला दम नव्हता. त्यांनी पहिल्या पोराचा हात धरला, त्याला दुसऱ्याचा धरायला लावला, दुसऱ्याला तिसऱ्याचा, आणि ती सगळी माळ वाल्मीकच्या आणि तुळजाच्या मदतीनं, एक शब्दही न बोलता, घराघरापर्यंत नेऊन पोचवली. खालून नावं घेतली जात होती. कुणी ओ दिली नाही, कारण प्रत्येकाचा हात कुणाच्या तरी हातात होता आणि गुरुजींचं बोट ओठांवर होतं.

पौडची गाडी त्या दिवशी त्यांच्याविना गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग नेऱ्याहून मुलगा न्यायला आला, तेव्हा त्याला गुरुजी पडवीत बसलेले दिसले, पोरं सुटायची वाट बघत. नातवाला एकदा इकडं घेऊन ये म्हणाले, उन्हाळ्यात. भादव्यात नको.